पात्याखालची फट

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हनुवटीखाली काप गेला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, तो भिजला म्हणून दुसरा घेतला. रक्त थांबलं तेव्हा साडेसात होऊन गेले होते. काप म्हणाल तर तांदळाच्या कणीएवढा. पण अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, आणि ८३व्या वर्षी गालावरची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी झाली आहे. नाना काही बोलले नाहीत. झटक्यानंतर त्यांचे शब्द तसेही मोजकेच उरलेत. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि रेझर बाजूला सारला. अर्ध्या चेहऱ्यावर वाळत चाललेला फेस घेऊन ते तासभर खिडकीशी बसून होते.

मला दाढी करता येते असं मी चाळीस वर्षं समजत होतो. स्वतःची येत होती.

डॉक्टरांनी विजेवरचं यंत्र वापरा म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसासाठी तोच पहिला सल्ला असतो आणि माझं वाचून कोणी तो मोडू नये. आम्ही ते यंत्र आणलं होतं, दोन महिने वापरलंही. पण गळ्याशी सैल पडलेली कातडी त्याच्या जाळीत चिमटायची, आणि यंत्राची घरघर कानाशी आली की नाना मान फिरवायचे. जन्मभर ब्रश, साबण आणि पातं वापरलेला माणूस. शेवटी मी डॉक्टरांशी बोललो, ते म्हणाले, करा, पण जपून. हे ‘जपून’ म्हणजे नेमकं किती, त्याचा शोध घेण्यात माझं पुढचं वर्ष गेलं.

मी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १९ इन्स्पेक्शनच्या थंड खोलीत. बाहेर मे महिना असो की डिसेंबर, आत २० अंश. लांबी मोजण्याचं जगभरातलं प्रमाण तापमान तेच आहे. धातू उष्णतेनं वाढतो, थंडीनं आकसतो, तेव्हा कोणत्या तापमानाला मोजलं हे ठरलेलं नसेल तर मायक्रॉनच्या गोष्टी करण्यात अर्थ नसतो. काही बिघडलं की आधी हात धुवायचे, वस्तू पुसायची आणि मोजायची, ही त्या खोलीची शिस्त. त्या संध्याकाळी मी तेच केलं. रेझर गरम पाण्यानं धुतला, रुमालात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याच्या टूलरूममध्ये घेऊन गेलो.

रेझर स्वस्तातला नव्हता. जाड पुठ्ठ्याचं खोकं, आत मखमल, आरशासारखा क्रोमचा मुलामा. मी तो नानांसाठीच मागवला होता. चांगली वस्तू महाग असते, म्हणून महाग वस्तू चांगली असणार असा हिशेब मीही केला होता, आणि तो करताना इन्स्पेक्शनची खोली विसरलो होतो.

टूलरूममध्ये प्रोफाइल प्रोजेक्टर असतो. एका बाजूनं प्रकाश सोडायचा, मध्ये वस्तू ठेवायची, आणि तिची सावली काचेच्या गोल पडद्यावर दहापट, वीसपट, पन्नासपट मोठी होऊन पडते. वस्तूला कशाचाही स्पर्श होत नाही. आम्ही पातं बसवून रेझरचं डोकं आडवं धरलं आणि पन्नासपट सावली पाडली. वर टोपीचा बाक, त्याखालून निघालेलं पात्याचं टोक, खाली सेफ्टी बारची गोलाई, आणि पात्याची धार व तो बार यांच्यामध्ये उजेडाची एक चीर. ही चीर म्हणजेच ब्लेड गॅप. मी तिला फट म्हणतो. एका बाजूला पडद्यावर ती ३१ मिमी भरली, दुसऱ्या बाजूला साडेचाळीस. पन्नासनं भागलं की ०.६२ आणि ०.८१. एकाच रेझरच्या दोन बाजू, आणि त्यांत जवळजवळ दोन पात्यांच्या जाडीचा फरक! दाढीचं दुधारी पातं अवघं ०.१ मिमी जाड असतं.

सहकारी म्हणाला, “हे रिजेक्ट.” मी टोपी सैल केली, पातं बोटानं जरासं सरकवलं, पुन्हा आवळलं. आकडे बदलले. टोपीच्या खालच्या खुंट्या आणि पात्याची भोकं यांच्यात इतकी ढिलाई होती की पातं दर वेळी वेगळ्या जागी बसत होतं. शिवाय बेसप्लेट, म्हणजे पात्याखालची सेफ्टी बार असलेली तळपट्टी, तीच मुळात एका अंगाला कललेली होती. हे रेझर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वर मुलामा चढवतात, आणि ओतकामात थोडं वाकडं आलेलं मुलाम्यानं सरळ होत नाही, फक्त चकाकतं. काप कोणत्या बाजूनं गेला होता ते मला आठवत नाही. पण आदल्या दिवसापर्यंत मी ‘हा रेझर सौम्य आहे’ असं समजून हात चालवत होतो, आणि माझ्या हातात दोन वेगळे रेझर होते.

इथून मला ह्या गोष्टीचा नाद लागला. घरात आता रेझरची चार डोकी, सात दांडे आणि तीन जास्तीच्या बेसप्लेट आहेत. बायको म्हणते, त्याऐवजी एखादा न्हावी घरी लावला असतात. तिचं म्हणणं मी टाकून देत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

फटीचं काम काय, ते सुताराचा रंधा पाहिलेल्या माणसाला चटकन कळेल. रंध्याच्या तळातून पातं किती बाहेर काढायचं ह्यावर लाकडाची साल किती निघणार ते ठरतं. जास्त काढलं की रंधा लाकडात रुततो. सेफ्टी रेझरची कल्पना खरोखरच रंध्यावरून सुचलेली आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-जाक पेरे नावाच्या पातीकारागिरानं वस्तऱ्याला लाकडी म्यान घालून धार थोडीशीच उघडी ठेवली होती. पुढे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेटला १८९५ साली घासून टाकून देण्याच्या पातळ पात्याची कल्पना सुचली, पण एवढ्या पातळ पत्र्याला पाणी देऊन त्याची धार टिकवायची कशी हे जाणकारांनाही जमेना. ते कोडं विल्यम निकरसन ह्या इंजिनिअरनं सोडवलं. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. तो ५१चा आकडा मला फार आवडतो. कोणीतरी ५१ माणसांनी, वस्तरा हाताशी असताना, हा नवा प्रकार पहिल्यांदा गालाला लावला.

फट मोजायची म्हणजे फिलर गेज घालायचा, असं कोणीही सांगेल. मीही आधी घरी तेच केलं होतं. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स तपासायच्या पोलादी पट्ट्या, एकेकीवर जाडी कोरलेली. ०.७० सहज गेली, ०.७५ जराशी घासत गेली, ०.८० अडली. म्हणजे फट ०.७५, असं मी वहीत लिहिलं. तेच डोकं, तेच पातं प्रोजेक्टरवर धरलं तर ०.६८. मला वाटलं प्रोजेक्टर बिघडला. मग पट्टी आत असतानाच सावली पाहिली आणि उलगडा झाला. पट्टी आत शिरताना पात्याला वर उचलत होती. ०.१ मिमीचा पत्रा, वाकणारच. मोजणाराच मोजायची गोष्ट हलवत होता. आणि पट्टीवर घासलेली ती धार भिंगाखाली पाहिली तर पार मोडलेली. त्या पात्यानं कोणाची दाढी करू नये. कोणाला घरी फट मोजायचीच असेल तर पट्टी अजिबात न रेटता, नुसती फटीच्या तोंडाशी टेकवून उजेडाकडे धरावी, आणि मोजणीला वापरलेलं पातं कागदात गुंडाळून टाकून द्यावं.

दुसरी गोम अशी की फट कुठून कुठे मोजायची याचा सर्वांना बांधील असा नियम नाही. धारेपासून बारच्या सर्वात जवळच्या बिंदूपर्यंत की बारच्या माथ्यापर्यंत? बारला खाचा असतील तर खाचेच्या तळापर्यंत की कंगोऱ्यापर्यंत? त्यामुळे एका कंपनीचा ०.७ आणि दुसऱ्या कंपनीचा ०.७ एका वहीत शेजारी शेजारी लिहिले तरी ते एकाच रांगेत बसतील असं नाही. एकाच बनावटीच्या बेसप्लेटांची तुलना मात्र उपयोगी पडते. रॉकवेल ६एस ह्या स्टीलच्या रेझरला दोन्ही अंगांनी वापरता येणाऱ्या तीन बेसप्लेट येतात, त्यांवर १ ते ६ आकडे कोरलेले. एक नंबरची फट ०.२०, तीनची ०.४८, सहाची ०.७९. टोपी तीच, पातं तेच, फक्त फट बदलते. मापन शिकायला यापेक्षा चांगलं साधन मला मिळालं नाही. मी पहिल्यांदा स्वतःवर सहाही नंबर करून पाहिले, एका नंबरला एक आठवडा, आणि रोज वहीत लिहिलं.

वहीनं मला एक गोष्ट शिकवली. फट कमी म्हणजे सुरक्षित, हे अर्धंच खरं आहे. एक नंबरवर दाढी इतकी थोडी निघे की मी तीच जागा पाच-पाच वेळा घासत होतो, आणि सहाव्या दिवशी गळा लाल झाला. आठवडाभर खुंट वाढलेल्या गालावर तर त्या बारीक फटीत फेस आणि केस गच्च बसायचे, रेझर नुसता घसरायचा. नानांची दाढी रोज होत नाही, दोन-तीन दिवसांनी होते. पातळ कातडीवर पाच वेळा घासणं हे एका कापापेक्षा बरं आहे असं मला वाटत नाही.

आणि फटीइतकीच, कधी कधी तिच्याहून मोठी, गोष्ट म्हणजे धार बाहेर किती डोकावते. टोपीच्या कडेपासून सेफ्टी बारपर्यंत एक सरळ रेघ ओढा. गालाची कातडी साधारण त्या रेघेवर टेकते. धार रेघेच्या बाहेर आली असेल तर ती कातडीला आधी भेटते, आत असेल तर बार आणि टोपी कातडी दाबून सपाट करतात आणि मग धार फक्त केसाला भेटते. फट रुंद आणि धार रेघेच्या आत, असा रेझर फट चिंचोळी पण धार बाहेर काढलेल्या रेझरपेक्षा सौम्य असू शकतो. खोक्यावर फटीचा आकडा छापतात, कारण तो छापायला सोपा.

तिसरी गोष्ट लेथवाल्याला सांगायला नको. टूल होल्डरच्या बाहेर जितकं लांब काढाल तितका चॅटर, म्हणजे थरथराट, येतो. नुसता येत नाही, एका टोकाला धरलेली पट्टी दुप्पट लांब मोकळी सोडली तर तेवढ्याच जोरानं ती आठपट वाकते. पात्याचंही तेच. टोपी आणि बेसप्लेटनं पातं धारेच्या किती जवळ आवळून धरलंय, ह्यावर ते केसाशी थरथरणार की नाही ते ठरतं. थरथरलेलं पातं केस कापत नाही, ओढतं. केस मऊ असतो म्हणून त्याला कमी लेखू नये. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचा केस कापताना पाहिला होता. पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असलेला केस, धारेला एका ठराविक कोनात वाकून भिडला की तिचा टवका उडवतो. हे वाचल्यापासून नानांना मी पातं दर दुसऱ्या दाढीला बदलतो. पूर्वी दहा-दहा दाढ्या ओढायचो.

हे सगळं आकड्यांचं झालं. आमच्या तांबट लेनमध्ये मी लहान असताना न्हावी यायचे, त्यांच्याकडे आकडा एकही नव्हता. जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या अंगाला, सकाळपासून हातोड्यांचा ठणठणाट चालायचा. त्या आवाजात ते ओट्यावर बसून धोकटी सोडायचे, वस्तरा चामोट्यावर आठ-दहा वेळा उलटसुलट ओढायचे आणि नानांच्या गालावर पहिला हात फिरवून थांबायचे. कान देऊन ऐकायचे. आता कळतं, ते धारेचा आवाज ऐकत होते. कोरड्या ओरखड्यासारखा आवाज आला तर पुन्हा साबण. नाना तेव्हा डोळे मिटून बसलेले असायचे. दिवसभरात त्यांचे हात थांबलेले मी फक्त तेव्हाच पाहिलेत. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रामकुंडाशी, आजही क्षौर करणारे ओळीनं बसलेले दिसतात. दहाव्या-बाराव्याला आलेली माणसं, कोणाचंही मन ठिकाणावर नसतं, मान हलत असते, आणि तरी ते हात चुकत नाहीत. मी मध्यंतरी तिथे तासभर नुसता उभा राहून पाहत होतो. रिकामा हात. वस्तऱ्याचा नाही, दुसरा. तो सतत कातडी ताणत असतो. कानामागून वर, जबड्याखालून मागे. पातं जाण्याच्या एक क्षण आधी तो तिथे पोचलेला असतो. मी नानांची दाढी करताना माझा दुसरा हात फेसाची वाटी धरून उभा असायचा.

वाटी आता स्टुलावर असते. बायकोचं म्हणणं मी एवढ्यापुरतं तरी ऐकलं.

राहिला दांडा. मुठीचा विषय मला आधी शोभेचा वाटायचा. फट मोजता येते, धार मोजता येते, दांडा काय, धरायला असतो. तरी तुलना करायची तर नीट करू म्हणून मी डोकं एकच ठेवलं आणि दांडे बदलत गेलो. जर्मन रेझरमध्ये ते सोपं आहे, त्यांचा आटा बहुधा एम-५ असतो, म्हणजे ५ मिमी व्यासाचा आणि पॉइंट आठ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या दांड्यावर बसतं. घरात माझ्या काकांचा एक जुना जिलेट टेक होता, १९३८ साली निघालेल्या बनावटीचा. त्याचं डोकंही एम-५च्या दांड्यात घालून पाहिलं. गेलं, पण डुगडुगलं. जिलेटचा आटा इंचाचा, पिच ०.७९४, म्हणजे जवळजवळ तोच. पण व्यास ४.८३. बसल्यासारखं वाटतं आणि आवळलं की पिळवटतं. अशी जोडी वापरू नये.

१२ मिमी व्यासाचा, ८५ मिमी लांबीचा भरीव दांडा धरा. ॲल्युमिनियमचा असेल तर वजन साधारण २६ ग्रॅम, टायटॅनियमचा ४३, स्टेनलेस स्टीलचा ७७, पितळेचा ८२. आकार तोच, हाताला मात्र चार वेगळ्या वस्तू. जाणकार सांगतात, जड दांडा घ्या, हातानं दाबू नका, रेझरचं वजन काम करतं. माझ्या स्वतःच्या गालावर हे तंतोतंत खरं ठरलं. आरशासमोर उभा माणूस, गाल उभा, रेझर वरून खाली येतो, वजन गालाच्या बाजूनं खाली ओढतं.

नाना तेव्हा पलंगावर उशा लावून टेकलेले असायचे. मी जड दांडा त्यांच्या गालावर ठेवला आणि हाताला लगेच कळलं की काहीतरी उलटं आहे. गाल आडवा होता. वजन पुढे ओढत नव्हतं, सरळ कातडीत उतरत होतं. इतकी साधी गोष्ट, शाळेतल्या उतरणीच्या गणितासारखी, आणि ती मी कुठेच वाचली नव्हती, कारण रेझरबद्दल लिहिणारे सगळे स्वतःची दाढी करतात. पहिल्या दिवशीच्या त्या कापाला असमान फट जितकी कारण होती तितकंच हेही असावं. मी ॲल्युमिनियमचा हलका दांडा लावला आणि फरक त्याच दिवशी पडला. वहीत लिहिलं: बेसप्लेट ३, फट ०.४८, दांडा ॲल्युमिनियम, लाली नाही, काप नाही. इन्स्पेक्शनच्या भाषेत काम संपलं होतं.

नानांना तो दांडा आवडला नाही.

त्यांनी तो डाव्या हातात घेतला, तळव्यावर दोनदा उडवला, आणि परत दिला. उजवा हात अजून नीट वळत नाही. मग मी सातही दांडे टॉवेलवर ओळीनं मांडले. जन्मभर हातोडे वापरलेला माणूस, घागरी, हंडे, बंब मठारत आलेला. मठारायचं म्हणजे तांब्यावर एकाशेजारी एक सारखे ठोके द्यायचे, एकही खोल जायला नको, एकही उथळ राहायला नको. त्यांच्या दुकानात वेगवेगळ्या वजनांचे हातोडे भिंतीला टांगलेले असायचे आणि कोणत्याही हातोड्याचा दांडा त्यांनी विकत आणलेला मला आठवत नाही. लाकूड आणून ते स्वतः तासायचे, काचेनं खरवडायचे, पुन्हा धरून पाहायचे. आता टॉवेलवरचा एकेक दांडा त्यांनी उचलला. तीन बोटांवर आडवा ठेवून तोल पाहिला. बारीक नर्लिंगवर, म्हणजे पकडीसाठी पाडलेल्या खरखरीत नक्षीवर, अंगठा फिरवला. साबणाचं बोट लावून पुन्हा फिरवला, हे मला सुचलं नव्हतं. टायटॅनियमचा पाहून चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. शेवटी पितळेचा उचलला आणि तो खाली ठेवला नाही.

“हा,” म्हणाले. मग थोडं थांबून, दुसरा शब्द जुळवून, “पोट.”

मला समजायला वेळ लागला. त्यांनी पितळी दांडा धरला, शेवटच्या तिसऱ्या भागावर अंगठा टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. हातोड्याचा दांडा तिथे किंचित फुगीर असतो, त्याला ते पोट म्हणायचे. ओल्या हातातून हत्यार निसटायला लागलं की करंगळी त्या फुगवट्यावर अडते, मूठ आवळावी लागत नाही. आणि मूठ आवळली की ठोका खोल जातो. हे मला त्यांनी शाळकरी वयात सांगितलं होतं आणि मी ते हातोड्याबद्दल आहे असं समजून विसरलो होतो. माझ्या सातही दांड्यांना पोट नव्हतं. सगळे सरळ नळकांडे, वर महागडं नर्लिंग. मी ओल्या हातानं ते घट्ट धरत होतो, आणि मला वाटत होतं की मी हलक्या हातानं दाढी करतोय.

पण पितळ जड. माझा हिशेब म्हणत होता हलका दांडा, त्यांचा हात म्हणत होता पितळ. दोन दिवस मी ह्यात अडकलो होतो. मग सुनेनं, म्हणजे माझ्याच बायकोनं, पलंगाकडे बघत विचारलं, “त्यांना खुर्चीवर का नाही बसवत?”

व्यायामासाठी येणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बसवाच, दोन्ही हातांना आधार असलेली खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकलेले ठेवा, पंधरा मिनिटांच्या वर नको. आता नाना पूर्वेच्या खिडकीशी खुर्चीवर ताठ बसतात. गाल उभा झाला, वजन पुन्हा गालाच्या बाजूनं उतरायला लागलं.

अंबडच्या त्या सहकाऱ्यानं पितळेच्या रॉडमधून दांडा काढून दिला. लांबी ८५, मधला व्यास साडेअकरा, शेवटच्या तिसऱ्या भागात १३ पर्यंत फुगवलेला आणि टोकाला पुन्हा उतरवलेला, आटा त्या डोक्याच्याच मापाचा. आतून थोडं पोकळ ठेवलं, भरीव असता तर तो सहज ८० ग्रॅमच्या वर गेला असता. आमच्या तराजूवर ५८ भरला. नर्लिंग करू का म्हणून त्यानं विचारलं. मी नानांना फोटो दाखवून विचारलं. त्यांनी मान हलवली, आणि बोटानं हवेत टिचक्या मारल्यासारखं केलं. ठक, ठक, ठक.

ते मला जमणार नव्हतं, लेनमधल्या त्यांच्या एका जुन्या शागिर्दाकडे मी दांडा घेऊन गेलो. तिथे आता मठारकाम करणारे हात थोडेच राहिलेत. बरीच दुकानं तयार माल विकतात. त्यानं दांडा उलटसुलट पाहिला, कोणासाठी ते विचारलं, आणि नाव ऐकल्यावर पैशाचा विषय काढू दिला नाही. बारीक तोंडाच्या हातोडीनं, पोटापासून वरपर्यंत, हरभऱ्याच्या डाळीएवढे सपाट ठोके त्यानं एका सरीत दिले. अर्धा तास लागला. ओल्या साबणाच्या हातातही तो दांडा फिरत नाही.

आता बुधवार आणि रविवारी, अंघोळीच्या आधी, गरम पाण्यात टॉवेल पिळून मी त्यांच्या गालावर दोन मिनिटं ठेवतो. केस पाणी पितात, मऊ होतात. साबण जास्त, घाई नाही. डाव्या हातानं कातडी ताणायची, मग पातं. गालावर केसांच्या दिशेनं एकदाच, गळ्याशी फक्त वरवर, उलटा हात अजिबात नाही. थोडे खुंट राहतात, राहू देतो. वहीत गेल्या पाच महिन्यांत एकच काप आहे, कानाच्या पाळीखाली, तो मान वळवताना लागला, चार मिनिटांत थांबला.

परवा रविवारी डावा गाल झाला होता, उजव्याला साबण लावायला मी ब्रश भिजवत होतो. वळून पाहिलं तर नानांनी स्टुलावरचा रेझर डाव्या हातात घेतला होता. करंगळी पोटावर. मी पुढे झालो आणि थांबलो. फट ०.४८ होती, पातं नवं होतं, दोन्ही बाजूंनी मी तपासलेलं होतं. डाव्याच गालावर, कानाच्या पुढे, माझ्याकडून एक लहानशी पट्टी राहून गेली होती. त्यांनी ती वरून खाली, एका हातात, काढली. मग रेझर कानाशी नेऊन पात्यावर अंगठ्याची टिचकी मारली, ऐकलं, आणि माझ्या हातात देत म्हणाले, “उद्या बदल.”